पहिल्याच थेंबाला गुलाबी

भिंगरी सहा वर्षांची होती आणि गेले तेवीस दिवस ती चालत नव्हती.

तिचं भिंगरी हे नाव मुळात तिच्या पायांमुळेच पडलं होतं. चवड्यांवर उभी राहून, कानांवर तळवे दाबून ती स्वतःभोवती गरगर फिरायची, बघणाऱ्याला चक्कर यायची पण तिला यायची नाही. ती बोलत नसे. ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा अडीच वर्षांची होती. पण फिरण्यावरून तिचं सगळं समजायचं: खूश असली की उजवीकडून, चिडली की डावीकडून. महिन्याभरापूर्वी फिरणं थांबलं. मग उभं राहणं थांबलं. मग पायाला नुसता हात लावला तरी ती असं किंचाळायची की शेजारचे दार वाजवायचे.

आता ती हॉस्पिटलच्या पलंगावर गुडघे बाहेर टाकून, बेडकासारखी उताणी पडून होती. काखेत तिचा केशरी डबा होता. तो असल्याशिवाय ती कुठेच जात नसे.

"हिमोग्लोबिन फार खाली आहे," मुलांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिरड्या सुजल्यात, रक्त येतंय. पायांवर काळेनिळे डाग आहेत आणि एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसतायत. उद्या सकाळी दहाला आपण बोन मॅरो काढू. कमरेच्या हाडातून, सुईनं."

"म्हणजे नेमकं काय शोधताय?" दाजींनी, भिंगरीच्या वडिलांनी, विचारलं.

"रक्ताचा काही मोठा आजार नाही ना, एवढं बघायचंय."

मोठा आजार म्हणजे कुठला, हे कोणी विचारलं नाही. दाजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. ताईनं, भिंगरीच्या आईनं, मांडीवरची निळी फाइल आणखी घट्ट धरली.

त्या दोघांच्या मागे, दाराला टेकून उभी होती ती ताईची धाकटी बहीण. सत्तावीस वर्षांची झाली तरी घरात तिला छोटीच म्हणत. अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. पाकिटावर 'यात ग्लुटेन नाही' असं छापलेलं असलं तर ते खरं की खोटं हे बघणं तिचं काम. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन. दहा लाख भागांत वीस भाग असलं तरी तिच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटायची. या 'दहा लाखांत वीस'चा तिला भारी अभिमान होता. पाहुण्यांनासुद्धा ती ते सांगायची.

"खाण्यापिण्याचं काय?" डॉक्टरबाईंनी दाखल करतानाच विचारलं होतं.

ताईनं फाइल उघडून दाखवली होती. वीस महिन्यांचे तक्ते, रोजचा एक, वजनासकट. "गहू नाही, दूध नाही, रंग नाहीत. आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिलंय. आणि घरात येणारी प्रत्येक गोष्ट हिनं लॅबच्या पट्टीवर तपासलीय. प्रत्येक."

"वा," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. इतकी टापटीप फाइल त्यांनी क्वचितच पाहिली असावी. केसपेपरवर त्यांनी लिहिलं, 'आहार: विशेष, देखरेखीखाली', आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. छोटीला तेव्हा बरं वाटलं होतं, स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखं.

"ही आजची डबी," ताई आता म्हणाली. "हिला शिवलीसुद्धा नाही ती. जाताना घेऊन जा, इथं कुठं टाकू? दुपारी तुझी लॅबची पाळी आहे ना? जा तू. इथं उभं राहून काय करणार आहेस?"

छोटी डबी घेऊन निघाली.

हे पथ्य ताईनं सुरू केलं तेव्हा छोटीचं मत विचारलं होतं. छोटीनं चार रात्री जागून शोधनिबंध वाचले आणि सांगितलं, "अशा पथ्यानं ऑटिझम कमी होतो असा धड पुरावा नाही. पण नुकसान तरी काय आहे? करून बघ." बुडत्याला काडीचा आधार असतो, तो काढून घ्यायला तिला जिवावर आलं होतं. पहिल्या महिन्यात भिंगरी जरा शांत झोपायला लागली. मग काय, ताईच्या हातात सूत्रं आली. इतकी वर्षं मुलीचं काहीच तिच्या हातात नव्हतं, ना बोलणं, ना शाळा. खाणं तरी होतं.

भिंगरी मुळातच मोजकं खायची. पांढरं असेल तेच. यादी कापत कापत पाच गोष्टींवर आली: भात, तांदळाच्या शेवया, उकडलेलं चिकन, घरी भाजलेली तांदळाच्या पिठाची बिस्किटं आणि घरीच काढलेलं तांदळाचं दूध. आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावर नवव्या क्रमांकाला जीवनसत्त्वांचे थेंबही होते. भिंगरीनं ते तीनदा भिंतीवर थुंकले. ताईनं नवव्या क्रमांकापुढे पेन्सिलीनं 'नंतर' असं लिहिलं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर छोटीनं ॲप्रन चढवला आणि डबी टेबलावर ठेवली. समोरच्या ओट्याशी ब्युरेटकाका उभे होते. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, उभ्या काचेच्या नळीतून थेंब मोजणं. नवीन यंत्रं आली तरी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी काकांना हलवलं नव्हतं, कारण यंत्र आणि काका यांचा आकडा वेगळा आला की यंत्रवाल्यालाच बोलावणं जायचं.

"काय पट्टीवाल्या मॅडम, पोर कशी आहे?"

"उद्या बोन मॅरो काढणार."

काकांनी तोटी बंद केली. "अरे देवा. झालंय काय तिला?"

छोटीनं सांगितलं, रिपोर्ट वाचल्यासारखं एकेक, सांगताना आवाज हलू नये म्हणून. पाय. हिरड्या. डाग. हिमोग्लोबिन.

"खाते-पिते नीट?"

"एकदम काटेकोर." आणि तिनं पाचही गोष्टी घडाघडा म्हणून दाखवल्या.

"बरं. आणि फळ?"

"नाही खात."

"भाजी?"

"हिरवं तर बघूनच ओकते."

"बटाटा? लिंबूपाणी? रस, सरबत, काही?"

"नाही काका. पाचच गोष्टी. पाचही शुद्ध आहेत, मी स्वतः..."

काका तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या ब्युरेटमध्ये निळा रंग होता. दिवसभर ते रसाच्या पाकिटांतलं क जीवनसत्त्व मोजत होते. पद्धत सोपी आहे. निळ्या रंगाचा थेंब आंबट नमुन्यात टाकायचा. क जीवनसत्त्व असेल तर रंग तिथल्या तिथे नाहीसा होतो. थेंब टाकत जायचं, ते संपेपर्यंत. संपलं की पुढच्या थेंबाला नमुना गुलाबी होतो आणि गुलाबीच राहतो. किती थेंब पचले त्यावरून आकडा काढायचा.

"आण ती डबी," काका म्हणाले.

"कशाला?"

"आण म्हणतो ना. वाद नको."

त्यांनी भात, शेवया, चिकन, बिस्किट वेगवेगळं वाटलं, आम्लात घोळवलं, गाळलं. दूध तसंच घेतलं. पाच फ्लास्क ओळीनं मांडले. आधी नेहमीचा मोसंबीचा रस लावला, रंग चांगला आहे ना हे बघायला. सतरा थेंब गेले तरी रस जसाच्या तसा. मग भात. एक थेंब. गुलाबी.

"घोळव," काका म्हणाले. छोटीनं फ्लास्क घोळवला. गुलाबी तसाच.

शेवया. एक थेंब. गुलाबी.

चिकन, बिस्किट, दूध. पहिल्याच थेंबाला गुलाबी, पहिल्याच थेंबाला गुलाबी, पहिल्याच थेंबाला गुलाबी. पाच फ्लास्क वाढदिवसाच्या सरबतासारखे ओळीनं उभे होते.

छोटीनं आयुष्यात शेकडो नकारार्थी निकाल पाहिले होते. तिच्या कामात नकारार्थी म्हणजे चांगलं. दुसरी रेघ नाही, म्हणजे पास. वीस महिने ती या पाच गोष्टींमध्ये काय नाही एवढंच बघत होती, आणि नाही निघालं की खूश होत होती. काय असायला हवं, हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता. विज्ञानाची पदवीधर. दहावीच्या पुस्तकातला तक्ता तिच्या डोळ्यांसमोर आला, चार ओळींचा, परीक्षेत दोन मार्कांना येणारा. क जीवनसत्त्वाचा अभाव: हिरड्यांतून रक्त, सांधेदुखी, रक्तस्राव.

"स्कर्व्ही," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "काका, हा तर जुन्या जहाजांवरच्या खलाशांचा रोग आहे. आता कुणाला होतो?"

"जहाज असलं काय, घर असलं काय," काका म्हणाले. "फळ चढलं नाही तर दोन्हींकडे तेच. ॲप्रन काढ आणि पळ. सरांचं मी बघतो."

डॉक्टरबाई वॉर्डच्या दारातच भेटल्या. छोटीनं धापा टाकत सांगितलं. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात डॉक्टरबाई वळल्या आणि भिंगरीच्या पलंगाकडे चालू लागल्या. छोटी मागे.

त्यांनी पांघरूण वर केलं आणि पेनएवढी बॅटरी नडगीवर धरली. जवळून बघितल्यावर ते डाग एकसंध नव्हते. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक लाल ठिपका होता, आणि केस सरळ नव्हते, बारीक स्प्रिंगसारखे वळलेले होते.

"फिल्म द्या परत," त्या नर्सला म्हणाल्या. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून गुडघ्यापाशी बोट नेलं. हाडाच्या टोकाला खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. "ही बघा. सकाळीही होती ही. मी बघितली होती." त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "पंधरा वर्षांत याचा एकही पेशंट पाहिलेला नाही मी. फक्त पुस्तकात. मी खाणं विचारलंही होतं. तुमची फाइल बघितली, 'देखरेखीखाली' लिहिलं आणि पुढे गेले."

"काय झालंय?" ताई विचारत होती. "कोणी मला सांगेल का काय झालंय?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं. साध्या शब्दांत, न घाबरवता. रक्ताची एक तपासणी पाठवते, पण तिची वाट बघणार नाही, उपचार आजच सुरू. उद्याची सुई दोन दिवस पुढे. हेच असेल तर आठवड्याभरात दुखणं कमी व्हायला हवं.

ताई ऐकत होती आणि तिचा चेहरा वाचता येत नव्हता. "म्हणजे मी तिला उपाशी ठेवलं?" ती म्हणाली. "रोज चार वेळा भरवून?"

"अगं, तसं नाही..." दाजी म्हणाले.

"तसंच आहे! वजन करून भरवलंय मी!"

डॉक्टरबाईंनी स्टूल ताईकडे सरकवलं.

"मला एक सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "याआधी ती काहीतरी घेत असणार. एवढी वर्षं तग धरली म्हणजे कुठून तरी मिळत होतं. फळाचा रस, काही?"

ताईनं बोट दाखवलं. भिंगरीच्या काखेतल्या डब्याकडे.

"हे. संत्र्याच्या चवीचं सरबत, पावडरीचं. पांढऱ्याशिवाय एवढी एकच गोष्ट ती घ्यायची. रोज दोन ग्लास. आठ महिन्यांपूर्वी बंद केलं. ग्लुटेन निघालं त्यात. छोटीच्या पट्टीवर."

पावडर टाकून द्यायची होती, पण डबा हिसकावला की भिंगरी आकांत करायची. मग ताईनं झाकणावरून चारदा चिकटपट्टी गुंडाळली आणि डबा खेळणं म्हणून तिच्याकडेच राहिला. रोज सकाळी भिंगरी तो आणून ताईच्या मांडीवर ठेवायची. ताईनं उचलून बाजूला ठेवला की पुन्हा. दाजींच्या मांडीवर. छोटी आली की छोटीच्या. दिवसातून दहा-दहा वेळा. शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, एकच क्रिया पुन्हा पुन्हा करणं हा या मुलांचा स्वभाव, लक्ष देऊ नका. छोटीनंही तेच सांगितलं होतं. "सवय आहे ताई. दुर्लक्ष कर. आपोआप जाईल."

डॉक्टरबाईंनी डबा भिंगरीच्या हातात असतानाच वळवून बारीक अक्षरं वाचली. "एका ग्लासात दिवसभराचं क जीवनसत्त्व. तारीखही संपलेली नाही."

त्या लेबलावरची घटकांची यादी ताईनं आणि छोटीनं किमान दहा वेळा वाचली होती. गव्हासाठी. दुधासाठी. रंगासाठी. त्याच्या खाली अर्धा इंच त्यांची नजर कधी गेली नव्हती.

"काखेत कळसा," दाजी पुटपुटले आणि वाक्य अर्धंच सोडून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"औषध देतेच आहे मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तिची हिरडी दुखतेय, गोळी थुंकेल. हे आपणहून पिणार असेल तर आत्ताच द्या."

"नको," ताई चटकन म्हणाली. "त्यात ग्लुटेन आहे."

सगळ्यांनी छोटीकडे पाहिलं.

पट्ट्यांचं पाकीट, नळ्या आणि द्रावासकट, तिच्या पर्समध्ये नेहमी असायचं. तिनं हात कोपरापर्यंत धुतले. पलंगाजवळचं टेबल स्पिरिटनं पुसलं, दोनदा. झाकणाच्या एका कडेची चिकटपट्टी जरा वर सरकवून, फटीतून नव्या चमच्याच्या टोकानं चिमटीभर पावडर घेतली. दोन नळ्यांत दोन नमुने, तिसऱ्या नळीत नुसता द्राव. तीन पट्ट्या. दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत तिला तो आठ महिन्यांपूर्वीचा रविवार आठवला. ताईनं डबा तिच्या घरी पाठवला होता. संध्याकाळी परत हवा होता. प्रयोगशाळेत नियम होता: एका पट्टीवर निकाल नाही. दोन नमुने, शिवाय एक कोरी नळी, त्याशिवाय सर सही करत नसत. घरी कोण सही करणार होतं? स्वयंपाकघराच्या टेबलावर तिनं एकच पट्टी लावली. एक हात पट्टीकडे होता. दुसऱ्या हातात काय होतं, तेही तिला आता लख्ख आठवलं, इतकं की बोटांना त्याचा खरखरीतपणा जाणवला. भाजलेल्या ब्रेडचा तुकडा.

दहा लाखांत वीस. एक कण पुष्कळ झाला.

तिनं पट्ट्या उचलल्या. एक रेघ. एक रेघ. एक रेघ. तिन्ही पास.

"नाहीये यात," ती म्हणाली. "ग्लुटेन नाहीये."

"मग तेव्हा?" ताईनं विचारलं.

दाजी मध्ये पडले. "तेव्हाची पट्टी खराब असेल. होतं असं, एखादं पाकीटच सदोष निघतं. नाही का गं छोटी?"

त्यांनी जणू सुटकेचं दार उघडून धरलं होतं, त्यातून फक्त बाहेर पडायचं होतं. पोरीचं निदान झालं होतं, उपचार सुरू होणार होते, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या एका पट्टीबद्दल पुन्हा कोणी कधी विचारलं नसतं. छोटीनं ताईकडे पाहिलं. निळी फाइल खाली पडली होती आणि ताईनं ती उचलली नव्हती. उद्यापासून ही बाई आयुष्यभर स्वतःलाच खात राहील, आपणच उपाशी ठेवलं म्हणून.

"पट्टी चांगली होती, दाजी. मी ब्रेड खात होते. तपासता तपासता. तोच कण पडला असणार."

ताईला कळायला वेळ लागला. मग कळलं.

"दोनदा नाही बघितलंस?"

"नाही."

"तुमच्यात दोनदा बघतात ना? तूच सांगतेस सगळ्यांना. दोनदा बघितल्याशिवाय सरांची सही होत नाही म्हणून."

"हो."

"मग?"

"घरचं होतं म्हणून," छोटी म्हणाली.

शेजारच्या पलंगावरची बाई आपल्या मुलाला भरवायची थांबली होती. दाजी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. मग ताई उठली, भिंगरीच्या उशाशी गेली आणि डब्याच्या झाकणावरची चिकटपट्टी नखांनी सोलायला लागली. चार वेढे. तिसरा वेढा तिनं दातांनी तोडला.

भिंगरी टक लावून बघत होती. झाकण निघाल्याचा 'टप्' आवाज झाला तशी तिची मान उशीवरून वर आली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

नर्सनं पाण्याचा ग्लास आणला. दोन चमचे पावडर. पाणी केशरी झालं. पहिल्या घोटाला हिरड्यांना झोंबलं असणार. भिंगरीनं डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि ग्लास सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून, मध्ये श्वासही न घेता ती पीत राहिली. रिकामा झाल्यावर तिनं तळाशी राहिलेले कण बोटानं पुसून घेतले. ओठांवर थोडं रक्त होतं, थोडा केशरी रंग.

डॉक्टरबाई केसपेपरवर काहीतरी खोडून नवं लिहीत होत्या. ताई पाठमोरी उभी होती. छोटी स्टुलावर बसून तीन पट्ट्या एकमेकींना समांतर लावत होती, पुन्हा पुन्हा, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मांडीवर काहीतरी आदळलं. डबा. भिंगरीनं पलंगावरून हात लांब करून तो तिच्या मांडीवर ढकलला होता आणि ती नेहमीसारखी तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती.

छोटीचे हात डब्यावर जाईनात. दहा-दहा वेळा. दिवसातून दहा-दहा वेळा, आठ महिने.

"बसलीस काय नुसती?" ताई म्हणाली. अजूनही पाठमोरीच होती ती. "मागतेय ती."